घरच्या संगणकाचे सारथी

सोलापुरांत चादरीचा माग चालतांना ज्यानें कधीं पाहिला आहे, त्याला जॅकार्डची गोष्ट नव्यानें सांगावयास नको. मागाच्या माथ्यावर तें यंत्र बसविलेलें असतें आणि भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावरून एकामागून एक सरकत असते. पुठ्ठ्यास जेथें भोंक असेल तेथील ताण्याचा धागा वर उचलला जातो. जेथें नसेल तेथील खालींच राहतो. अशा असंख्य उचलण्यांतून चादरीवर कोठें मोर उमटतो, कोठें वेल उमटते. माग तोच, सूत तेंच, विणकरहि तोच. पुठ्ठे बदलले कीं नक्षी बदलली. फ्रान्समधील लियों शहरीं जोसेफ मारी जॅकार्ड यानें इ. स. १८०४ च्या सुमारास ही युक्ति सिद्धीस नेली. यंत्राचें शरीर निराळें आणि त्यास दिलेली आज्ञा निराळी, हें जें संगणकाचें मूलतत्त्व, तें सोलापुरास असें मागावरूनच परिचित आहे.

आज ही गोष्ट काढण्याचें कारण निराळें आहे. "आजोबा, हा संगणक आतां भंगारांत द्यायचा का?" हा नातवंडांचा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येऊं लागला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली वाटेल त्या यंत्रावर चढत नाहीं, तिला टी.पी.एम. २.० या नांवाची सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि प्रोसेसरहि ठराविक पिढीच्या पुढचा लागतो. त्यामुळें नऊ-दहा वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेला, पडदा स्वच्छ असलेला, कळा नीट चालत असलेला संगणक एकाएकीं निरुपयोगी ठरूं पाहतो. त्याचें शरीर थकलेलें नाहीं. पुठ्ठे देणाऱ्यानें त्याच्या मापाचे पुठ्ठे देणें थांबविलें आहे, इतकेंच.

अशा वेळीं दुसरीकडून पुठ्ठे मिळतात काय? मिळतात. जी.एन.यू.-लिनक्स या सामान्य नांवानें ओळखली जाणारी प्रणाली अशा यंत्रांवर उत्तम चालते. ती विनामूल्य मिळते, ही गोष्ट दुय्यम होय. ती उघडी आहे, म्हणजे तिची रचना कोणासहि वाचतां येते, दुरुस्त करतां येते आणि दुसऱ्यास देतां येते, ही मुख्य गोष्ट. परंतु ही प्रणाली बसविली आणि काम संपलें, असें होत नाहीं. पडदा, आवाज, वायफाय, प्रिंटर आणि कळफलक हीं सारीं तिच्या आज्ञेंत यावीं लागतात. नवशिका अडतो तो बहुधा येथेंच. म्हणून या आज्ञापालनाचें रहस्य आधीं समजून घेणें हिताचें आहे.

संगणकाच्या पेटींत आणि तिच्या भोंवतीं जीं उपकरणें असतात, त्यांतील प्रत्येकाची बोली निराळी. एका कंपनीचा प्रिंटर एक बोली जाणतो, दुसरीचा दुसरी. मुख्य प्रणालीनें या सर्व बोली स्वतः शिकावयाच्या म्हटल्या तर तिला दुसरें काम उरणार नाहीं. यास्तव प्रत्येक उपकरणासाठीं एक लहानसा दुभाष्या नेमलेला असतो. सोलापूरच्या बाजारांत एकाच दुकानीं गिऱ्हाइकाशीं तेलुगूंत, खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्याशीं कानडींत आणि कचेरींतल्या कारकुनाशीं मराठींत बोलणारा गुमास्ता जसा असतो, तसाच हा दुभाष्या. पत्र छापावयाचें असतां प्रणाली त्यास फक्त "हें पान छाप" एवढें सांगते. शाई कोठें किती सोडावयाची आणि कागद केव्हां ओढावयाचा, हें तो त्या प्रिंटरच्या बोलींत समजावून देतो. यासच ड्रायव्हर म्हणतात, आणि मराठींतहि तोच शब्द रूढ झाला आहे. रथ कितीहि मजबूत असला तरी सारथ्याशिवाय तो जागचा हलत नाहीं. ड्रायव्हरविना उपकरणाची गत तीच होते.

हा सारथी कोणाच्या चाकरींत आहे, या प्रश्नांतूनच उघड्या प्रणालींची सारी चळवळ जन्मास आली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. इ. स. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रशास्त्रसंस्थेच्या एका प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीकडून एक नवा लेसर प्रिंटर मिळाला. त्यांत कागद वारंवार अडकत असे. तेथें काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनीं जुन्या प्रिंटरच्या बाबतींत एक सोय करून ठेविली होती: कागद अडकला कीं ज्यांचीं कामें खोळंबलीं असतील त्यांच्या पडद्यावर तशी सूचना उमटे, आणि कोणी तरी उठून कागद सोडवी. नव्या प्रिंटरसाठींहि तेंच करावें असें त्यांच्या मनांत आलें. परंतु त्यास चालविणारी आज्ञावली वाचतां येईल अशा रूपांत मिळालीच नव्हती. ती ज्याच्याजवळ होती अशा दुसऱ्या विद्यापीठांतील एका संशोधकाकडे त्यांनीं मागणी केली. ती कोणास न देण्याचें वचन त्यानें दिलेलें असल्यामुळें त्यानें नकार दिला. प्रिंटर समोर, दोष समोर, दुरुस्ती करणाराहि समोर. आणि तरी हात बांधलेले! या अनुभवाचा स्टॉलमन यांच्या मनावर खोल परिणाम झाला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं जी.एन.यू. नांवाची सर्वस्वीं मोकळी प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला.

त्या प्रणालीस गाभा मिळाला तो फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठांत शिकणारे लिनस टोरवाल्ड्स यांनीं २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या प्रयत्नाची वार्ता इतरांस कळविली. आपल्याजवळ आहे त्या प्रकारच्या हार्ड डिस्कवांचून दुसरें कांहीं ही प्रणाली बहुधा कधीं चालवूं शकणार नाहीं, असें त्यांनीं त्या वेळीं प्रांजळपणें लिहिलें होतें. म्हणजे आरंभीं सारथी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. पुढें ज्याच्या घरीं जें उपकरण, त्यानें त्याचा ड्रायव्हर लिहावा आणि सर्वांस द्यावा, असा परिपाठ पडला. मागाहून यंत्रें बनविणाऱ्या कंपन्याहि या कामांत उतरल्या. आज लिनक्सच्या गाभ्याचा ग्रंथ ३ कोटींहून अधिक ओळींचा झाला आहे, आणि त्याचा निम्म्याहून मोठा भाग ड्रायव्हरांनींच व्यापलेला आहे.

विंडोजची संवय असलेल्या माणसाची पहिली चूक येथेंच होते. नवी प्रणाली बसविल्याबरोबर तो प्रिंटरबरोबर आलेली तबकडी शोधूं लागतो किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवूं लागतो. लिनक्समध्यें प्रथम तसें करूं नये. येथें बहुतेक सारे ड्रायव्हर गाभ्याबरोबरच आलेले असतात आणि आपलें उपकरण ओळखून आपोआप कामास लागतात. ही ओळख पटते कशी? प्रत्येक उपकरणाच्या अंगीं दोन आंकडे कोरलेले असतात: एक त्याच्या कंपनीचा आणि दुसरा त्याचा स्वतःचा. जणूं आडनांव आणि नांव. इंटेल कंपनीनें आपल्या आडनांवाच्या जागीं ८०८६ हा आंकडा घेतला आहे. त्याच नांवाचा तिचा प्रोसेसर १९७८ सालीं प्रसिद्ध झाला होता. यंत्र सुरू होतांच गाभा हे आंकडे वाचतो, आपल्याजवळच्या यादींत शोधतो, आणि जुळणारा ड्रायव्हर त्या उपकरणाच्या सेवेस धाडतो. उपकरण मुकें राहिलें तर हेच दोन आंकडे पाहून त्याची नेमकी जात कळते. नुसतें "वायफाय चालत नाहीं" असें म्हणून उपाय सांपडत नाहीं. कोणत्या कंपनीची कोणती चिप आहे हें कळलें म्हणजे निम्में काम झालें.

ड्रायव्हरांचे व्यवहारदृष्ट्या तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग पूर्णपणें उघड्या ड्रायव्हरांचा; यांत आपल्याला कांहींच करावें लागत नाहीं. इंटेल आणि ए.एम.डी. यांच्या चित्रव्यवस्थेचे ड्रायव्हर उघडे आहेत. दुसऱ्या वर्गांत ड्रायव्हर उघडा असतो, परंतु उपकरणाच्या पोटांत भरावयाची एक लहानशी बंद आज्ञावली, जीस फर्मवेअर म्हणतात, ती बाहेरून द्यावी लागते. वायफायच्या पुष्कळ चिपा या प्रकारच्या आहेत. ही बंद वस्तु आपल्या मूळ संचांत ठेवावी कीं नाहीं, यावर डेबियन या जुन्या व तत्त्वनिष्ठ मंडळींत वर्षानुवर्षें वाद चालला होता. अखेर १९९३ सालीं स्थापन झालेल्या या संघटनेनें २०२२ सालीं मतदान घेऊन तशी मुभा दिली, आणि जून २०२३ मध्यें निघालेल्या तिच्या बाराव्या आवृत्तीपासून असें फर्मवेअर बसविण्याच्या संचांतच मिळूं लागलें. तत्त्वास मुरड पडली खरी. परंतु ज्याचें वायफाय चालत नाहीं त्याला तत्त्व तरी कोठून उतरवून घेतां येणार, हा व्यवहारी विचार प्रबळ ठरला.

तिसरा वर्ग कंपनीनें स्वतःच बांधून दिलेल्या बंद ड्रायव्हरांचा. एन्‌व्हिडिया कंपनीचीं चित्रकार्डें हें त्याचें ठळक उदाहरण. तिच्या कार्डांसाठीं स्वयंसेवकांनीं उपकरणाचें वर्तन न्याहाळून नुव्हो नांवाचा उघडा ड्रायव्हर रचला. तो साध्या कामास पुरतो. पूर्ण शक्ति हवी असेल तर कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. मे २०२२ मध्यें या कंपनीनेंहि आपल्या नव्या कार्डांच्या ड्रायव्हरचा गाभ्याशीं जोडला जाणारा भाग उघडा केला. जुन्या कार्डांस मात्र त्यांच्या पिढीची जुनी बंद मालिकाच लागते. बंद ड्रायव्हरांतील अडचण अशी कीं, प्रणालीचा गाभा नवा आला म्हणजे त्यांस त्या गाभ्याशीं नव्यानें जुळवून घ्यावें लागतें. उघडा ड्रायव्हर गाभ्याच्या घरांतच वाढलेला असल्यामुळें घर बदललें तरी तो बरोबरच येतो. कंपनीचें लक्ष उडाल्यावरहि, कोणी एक जरी निगा राखणारा असला, तरी तो जिवंत राहूं शकतो. जुन्या यंत्राचें आयुष्य वाढतें तें या कारणानें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळावें. पहिलें काम म्हणजे घरांतील लेखनाची व चित्रांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर करून ठेवणें. हें काम करतांना मराठी घरानें एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक पद्धति रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉण्टांतून टंकलिखित होत असे. त्या मजकुरांत संगणकाच्या दृष्टीनें बहुधा रोमन अक्षरांचेच आंकडे असत. फॉण्टानें त्यांस देवनागरीचा पोषाख चढविलेला असे. तो विशिष्ट फॉण्ट नसला कीं पोषाख गळून पडतो आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राहते. वडिलांनीं लिहिलेली कुळाची हकीकत, आईच्या पाककृतींची वही, एखाद्या संस्थेच्या वीस वर्षांच्या सभांचीं इतिवृत्तें अशा रूपांत पुष्कळ घरीं पडून आहेत. जुनी प्रणाली पुसण्यापूर्वींच हा मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनानें युनिकोडमध्यें आणावा, मूळाशीं ताडून पाहावा, आणि फॉण्टाची फाइलहि जपून ठेवावी. यंत्र पुन्हां मिळेल. तें लेखन पुन्हां मिळणार नाहीं.

दुसरें काम परीक्षेचें. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन अशा नांवांनीं या प्रणालीच्या अनेक आवृत्ति मिळतात. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, या सरकारी संस्थेनेंहि डेबियनच्या पायावर बॉस नांवाची भारतीय आवृत्ति काढली. तिचा पहिला संच २००७ सालीं निघाला. यांपैकीं एक निवडून ती ८ जी.बी.च्या पेनड्राइव्हवर उतरवावी आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करावा. आंतील डिस्कला हात न लावतां ही प्रणाली चालून दाखविते, हा तिचा मोठा गुण आहे. लग्नापूर्वीं मुलगी-मुलगा पाहण्याचा कार्यक्रम असतो तसाच हा. तेवढ्या अवधींत आवाज, वायफाय, कॅमेरा आणि प्रिंटर तपासावे. संगणक झोपवून पुन्हां जागा करून पाहावा. जें येथें चाललें तें बसविल्यावरहि बहुधा चालेल.

वायफाय चाललें नाहीं तर निराश होण्याचें कारण नाहीं. मोबाइल फोन यू.एस.बी.च्या तारेनें संगणकास जोडावा आणि फोनमधील टेदरिंगची कळ सुरू करावी. फोनचें इंटरनेट संगणकास मिळतें, आणि त्या वाटेनें वायफायला लागणारें फर्मवेअर आणतां येतें. पाणी ओढण्यासाठीं पंपांत आधीं तांब्याभर पाणी ओतावें लागतें, तशांतलाच हा प्रकार.

प्रणाली बसविल्यावर प्रथम तिची अद्ययावत् दुरुस्ती करून घ्यावी, आणि मगच ड्रायव्हरांकडे पाहावें. उबुंटूमध्यें अधिक ड्रायव्हर दाखविणारी एक स्वतंत्र खिडकी असते. मिंटमध्यें ड्रायव्हर मॅनेजर असतो. यंत्रास कोणता बंद ड्रायव्हर योग्य, याची शिफारस तेथेंच लिहिलेली असते, तीच मानावी. संगणकांत सिक्युअर बूट नांवाचा पहारा चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर बसवितांना एक परवलीचा शब्द ठरविण्यास सांगितलें जातें, आणि पुन्हां सुरू होतांना निळ्या पडद्यावर तोच शब्द विचारला जातो. पुष्कळ जण तो पडदा पाहून भितात, पुढें जाण्याची कळ दाबतात, आणि मग ड्रायव्हर कां चालत नाहीं म्हणून हळहळतात. तो शब्द कागदावर लिहून ठेवावा आणि त्या पडद्यावर शांतपणें द्यावा. चित्रकार्डाचा ड्रायव्हर बदलल्यावर पडदा काळाच राहिला, तर सुरुवातीच्या यादींतून दुरुस्तीचा मार्ग निवडून नवा ड्रायव्हर काढून टाकावा. जुना उघडा ड्रायव्हर पुन्हां कामास लागतो.

प्रिंटरचा प्रश्न पूर्वींइतका बिकट राहिलेला नाहीं. लिनक्समध्यें छपाईचें काम कप्स नांवाची व्यवस्था पाहते. अलीकडील प्रिंटर एक सामाईक बोली जाणतात, त्यामुळें त्यांस स्वतंत्र ड्रायव्हर लागतच नाहीं. जोडले कीं यादींत दिसूं लागतात. एच.पी. कंपनीच्या प्रिंटरांसाठीं तर तिनें स्वतःच उघडा संच दिलेला आहे. कांहीं जुने स्वस्त लेसर प्रिंटर मात्र हट्टी असतात. त्यांस कंपनीचाच ड्रायव्हर लागतो, आणि तो नवीन प्रणालीवर चालेलच अशी खात्री नसते. नवा प्रिंटर घेणाऱ्यानें दुकानांतच ही चौकशी करावी. या सर्व खटपटींत एक नियम पाळावा: एका वेळीं एकच बदल करावा, आणि तो वहींत तारखेसह टिपून ठेवावा.

यंत्र बोलूं लागलें. आतां तें मराठी बोललें पाहिजे. संगणकाचा कळफलक हेंहि एक उपकरणच, आणि कोणती कळ दाबली असतां कोणतें अक्षर उमटावें हेंहि एका तक्त्यानेंच ठरतें. प्रणालीच्या रचनेंत भाषा व प्रदेश या सदराखालीं मराठी निवडल्यावर महिन्यांचीं व वारांचीं नांवें मराठींत येतात. यादींतील शब्दहि पुष्कळसे मराठींत येतात. जेथें भाषांतर झालेलें नसेल तेथें इंग्रजी दिसतें. हें भाषांतर आभाळांतून पडलेलें नाहीं. पुण्यांतील रेड हॅट कंपनीच्या भाषांतरकारांनीं आणि स्वयंसेवकांनीं एकेक वाक्य बसवून तें केलेलें आहे. एखादा शब्द चुकीचा वाटला तर तो सुधारून पाठविण्याची वाट उघडी आहे.

कळफलकासाठीं इन्स्क्रिप्ट हा तक्ता निवडावा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८० नंतरच्या दशकांत तो आंखला, आणि १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें त्यास प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्याची मांडणी वर्णमालेच्या शास्त्रास धरून आहे: स्वर व त्यांचीं चिन्हें डाव्या हाताकडे, व्यंजनें उजव्या हाताकडे. रोमन के ही कळ दाबली कीं क, शिफ्टसह दाबली कीं ख. रोमन डी या कळेवर पाय मोडण्याचें चिन्ह आहे. जोडाक्षर करावयाचें झाल्यास दोन व्यंजनांच्या मधें तें दाबावें. आठ-पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर हात बसतो.

सोलापूरकरांस या तक्त्याचा आणखी एक विशेष लाभ आहे. या शहराच्या पूर्व भागांत घरोघरीं तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांकडे कानडी, आणि व्यवहार मराठींत चालतो. या तिन्ही भाषांच्या लिपि दिसावयास निराळ्या, परंतु त्यांची वर्णमाला एकाच मुशींतली. इन्स्क्रिप्टच्या कर्त्यांनीं हें तत्त्व ओळखून एका ध्वनीस सर्व लिपींत एकच कळ दिली. ज्या कळेनें देवनागरी क उमटतो तिनेंच, तक्ता बदलल्यावर, कानडी क उमटतो आणि तेलुगूहि. तिन्ही तक्ते एकाच संगणकांत बसवून दोन कळांच्या जोडीनें त्यांमध्यें जातां-येतां येतें. म्हणजे ज्या सुनेचें माहेर कानडी, सासर तेलुगू आणि नोकरी मराठी, तिनें एकदांच बोटांस वळण लावावें आणि तिन्ही लिपींत लिहावें. उर्दू मात्र उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि तिची वर्णमाला निराळी; तिचा तक्ता स्वतंत्र आहे व तोहि प्रणालींत मिळतो.

आतां एका लहान अक्षराची गोष्ट. मराठींत "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. बोलतांना फरक स्पष्ट. लिहितांना पहिल्यांत रफार आणि दुसऱ्यांत आडवा र. हिंदीचें काम करणाऱ्यास या आडव्या र ची गरज पडत नाहीं, म्हणून तो कित्येक ठिकाणीं विसरला जातो आणि "दुसऱ्या" चें "दुसर्या" होऊन बसतें. युनिकोडमध्यें यासाठीं खालीं टिंब असलेल्या ऱ या अक्षराचा उपयोग होतो. इन्स्क्रिप्टमध्यें रोमन जे ही कळ नुसती दाबली तर र, शिफ्टसह दाबली तर ऱ. त्यापुढें पाय मोडून य दिला कीं "दऱ्या" सिद्ध होतात. फॉण्टहि मराठीची जाण असलेला निवडावा. मराठी ल व श हिंदीच्या वळणाहून निराळे दिसतात, आणि कांहीं फॉण्ट असे आहेत कीं मजकुराची भाषा मराठी आहे हें सांगितल्यावर ते आपण होऊन मराठी वळण घेतात. रेड हॅटनें प्रसिद्ध केलेले लोहित फॉण्ट आणि गूगलचे नोटो फॉण्ट विनामूल्य व खुले आहेत. दोष दिसला तर तो दाखवितां येतो, आणि जाणकारास दुरुस्तहि करतां येतो. प्रयोगशाळेंतील त्या प्रिंटरच्या बाबतींत जें नाकारलें गेलें, तें येथें मराठी अक्षराच्या बाबतींत आपल्यास मिळालेलें आहे.

या मार्गाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. हिशेबाचीं कांहीं प्रचलित साधनें, कांहीं कचेऱ्यांच्या डिजिटल सहीचीं यंत्रें आणि कांहीं खेळ केवळ विंडोजसाठींच बनविलेले असतात. ज्यांची उपजीविका अशा साधनांवर आहे त्यांनीं जुनी प्रणाली तडकाफडकीं पुसूं नये. डिस्कची वांटणी करून दोन्ही प्रणाली शेजारीं ठेवाव्या, किंवा दुसऱ्या यंत्रावर आधीं प्रयोग करावा. परंतु पत्रव्यवहार, वाचन, टपाल, मुलांचा अभ्यास, व्याख्यानें ऐकणें आणि मराठी लेखन एवढेंच ज्या घराचें काम आहे, त्यास ही प्रणाली पुरून उरते. केरळ राज्यानें आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण याच उघड्या प्रणालीवर उभें केलें, आणि तेथील शिक्षकांनीं तीं यंत्रें स्वतः सांभाळण्याचें शिक्षण घेतलें.

तेव्हां आजोबांनीं नातवास उत्तर देण्यापूर्वीं एक रविवार मागून घ्यावा. सकाळीं जुना मजकूर शोधून त्याची नक्कल करावी, दुपारीं पेनड्राइव्हवरून परीक्षा घ्यावी, संध्याकाळीं वायफाय आणि प्रिंटर मार्गीं लावावे. नातवानें आंकडे वाचावे, आजोबांनीं वहींत टिपून घ्यावें. रात्रीं कळफलकाचा तक्ता बसला म्हणजे पहिलें वाक्य आजींनीं लिहावें. त्यांत एखादा आडवा र अवश्य असावा. तो नीट उमटला तर संगणक भंगारांत द्यावयाचा नाहीं. घरीं नकोच असेल तर गल्लींतल्या वाचनालयास किंवा एखाद्या शाळेस द्यावा, आणि बरोबर ती वहीहि द्यावी.